रेसनी शे

"रेसनी शे, आप्पा. पुनाथीन उनी," घोडीचा मालक त्याच्या अहिराणीत म्हणाला आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला. मार्गशीर्षातली सकाळ होती, सारंगखेड्याची यात्रा भरात होती. तापीवरून येणारं गार वारं कानाला झोंबत होतं, आणि घोड्यांच्या ओळींमधून लिदीचा, ओल्या गवताचा नि जिलेबीच्या कढईचा एकत्र वास येत होता. मी नंदुरबारहून निघालो तेव्हा वेशीबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडली होती. तिचा खाट अजून नाकात होता, डोळे पुसत पुसतच मी ओळीच्या टोकाला आलो. तिथे, लग्नाच्या पांढऱ्या घोड्यांच्या पलीकडे, बाभळीला बांधलेली ती उभी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. बाजूच्या मारवाडी घोड्यांपेक्षा वीतभर उंच. पण अशी काही वाळलेली, की बरगड्या मोजाव्यात. कातडी मात्र विलक्षण पातळ. माशी बसली की तेवढाच तुकडा थरथरायचा, आणि त्याखालची शीर बोटानं काढलेल्या रेघेसारखी दिसायची.

चाळीस वर्षं मी रेसचे घोडे बघतोय. निम्मी वर्षं स्टँडवरून, निम्मी पडद्यावर. हाताच्या अंतरावर एकदाही नाही.

सारंगखेड्याला घोडा कसा बघतात ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. आधी दात, मग खूर, मग भोवरे. मानेवर देवमण हा शुभ भोवरा आहे का, चारी पाय पांढरे नि तोंडावर पट्टा असा पंचकल्याण आहे का, हे बघून झाल्यावर माणूस किंमत विचारतो. मग मालक मांड टाकतो आणि रेवाळ चालीत पट्ट्यावरून नेऊन आणतो. ती चाल बघणं हे एक सुख आहे. खाली चार पाय शिवणयंत्रासारखे पडत असतात आणि वर बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नाही. या घोडीला ती चाल नव्हती. असणारच नाही, तिच्या रक्तातच ती नाही. तिला येत होतं ते एकच काम, धावणं, आणि या बाजारात नेमकं तेच कोणाला नको होतं. नवरदेव पाठीवर असताना, पुढे बँड नि फटाके वाजत असताना घोडीनं धावावं असं कोणत्या वधूपित्याला वाटेल?

"कोन्ही हात लावत नही," मालक म्हणाला. "चाल नही तिले. आनि हाई दखा." त्यानं तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. डाव्या डोळ्याच्या खाली, जिथून पाणी ओघळेल त्या जागी, केसांचा एक छोटा भोवरा होता. आसूढाळ. ज्या घोड्याला तो असतो त्याचा मालक रडतो म्हणतात. दोन-तीन गिऱ्हाइकं आली, उंची बघून थबकली, भोवरा बघून पुढे गेली.

मी नाव विचारलं.

"राणी," तो म्हणाला. हे त्यानं आत्ता ठेवलेलं नाव, हे न कळण्याइतका मी नवखा नाही. रेसमध्ये असतानाचं काय होतं, असं विचारलं तर तो हसला. "नाव काय इचारी राहिनात आप्पा, घेनी शे का?"

घ्यायची नव्हती. म्हणून गप्प बसलो. पण त्याचा तो प्रश्न मनातून गेला नाही, अजून गेलेला नाही.

रेसचा नाद मला मामामुळे लागला. मामा रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन परळ वर्कशॉपला गेला आणि तिथल्या कोणीतरी त्याला एका रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेलं. तो पुढे निवृत्त होईपर्यंत जातच राहिला. मी बारावीत असताना फेब्रुवारीत त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यानं मला डर्बी, वर्षातली सगळ्यात मानाची शर्यत, दाखवली. सेकंड एन्क्लोजरमध्ये आम्ही उभे. माणसं इतकी की समोरचं मैदान एखाद्याच्या खांद्यावरून नि दुसऱ्याच्या टोपीखालून तुकड्या-तुकड्यानं दिसायचं. कापलेल्या गवताचा वास, बिडीचा धूर, तिकीटखिडकीपाशी चाललेली रेटारेटी. गेट उघडली की गर्दीतून एक बारीक हुंकार उठतो, तो वळणापर्यंत तसाच राहतो. शेवटच्या फर्लांगला मात्र आवाज आधी पायांना ऐकू येतो. जमीन धडधडते, मग घोडे दिसतात, आणि दिसले म्हणेपर्यंत गेलेले असतात. २४०० मीटरची शर्यत अडीच मिनिटांत संपते. मामाचे वीस रुपये त्यात गेले. सगळ्यांनी तिकिटं फाडून हवेत उडवली, पायाखाली पांढरा कचरा झाला. मामानं त्याचं तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं. हरलेली तिकिटं तो कधी फाडायचा नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मामीला हा सगळा प्रकार मान्य नव्हता. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळले तर कोणी काही म्हणत नाही. त्या दिवशी लेकी झोक्यावर, गडी माणसं डावावर. "आखाजीले खेयानं, बारा महिना नही," हे तिचं म्हणणं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नुसता जुगार नाही, असा निकाल दिला. मामा तोवर भुसावळला परत आला होता. त्यानं ते वर्तमानपत्राचं कात्रण भिंतीवर चिकटवलं. मामीनं दिवाळीच्या रंगकामात ते खरवडून काढलं. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. घोड्याचा वंश, मागच्या धावा, पाठीवरचं वजन, मैदान ओलं की कोरडं, जॉकी कोण, हे सगळं मांडून हिशेब करावा लागतो हे खरं. आणि हा सगळा हिशेब केल्यावर मामा हरायचाच, हेही खरं.

आता आमचा सहा जणांचा एक ग्रुप आहे. भुसावळचे एक निवृत्त गार्ड, धुळ्याचा एक औषध दुकानदार, चोपड्याचा केळीवाला, असे. पैसे लावणं जवळपास बंद झालंय. उरल्यात त्या गप्पा. आणि गप्पा कसल्या, नव्वद टक्के वेळ आम्ही रेस कशी मरतेय यावर भांडतो. गार्डसाहेबांचा राग करावर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा २८ टक्के लागला, आणि तो रेस भरवणाऱ्या क्लबच्या कमिशनवर न लावता लावलेल्या पूर्ण रकमेवर लावला. सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे शंभर रुपये लावायचे तर चाळीस सरकारचे, तुम्ही जिंका की हरा. वर दहा हजारांपुढे जिंकलात तर तीस टक्के उगमकर कापणार. "मग खिडकीवर कोण मरायला जाईल?" ते म्हणतात. गल्लीतला बुकी कर घेत नाही, पावतीही देत नाही. पैसा तिकडे वळतो, टोटचा पूल, म्हणजे क्लबच्या खिडकीवर जमणारा पैसा, आटतो, त्यातून मिळणारं क्लबचं कमिशन आटतं, त्यातून दिली जाणारी बक्षिसाची रक्कम आटते. बक्षीस कमी म्हणजे घोडा पोसणं परवडत नाही, म्हणून मालक कमी. मालक कमी म्हणजे शर्यतीत घोडे कमी. पाच घोड्यांच्या शर्यतीवर कोण पैसे लावणार? आणि मग पूल अजून आटतो. ही साखळी ते इतक्या वेळा सांगतात की आम्हाला पाठ झालीय. पण चूक काढता येत नाही.

केळीवाल्याला जमिनीची काळजी. त्याचं म्हणणं, शहरात एवढी मोकळी जमीन कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही? महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढे दहा-अकरा वर्षं घोंगडं भिजत पडलं. शेवटी २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, २०५३ पर्यंत, असं ठरलं. देशातलं सगळ्यात जुनं मैदान चेन्नईचं, गिंडीचं, १७७७ चं. सप्टेंबर २०२४ मध्ये भाड्याच्या थकबाकीपायी सरकारनं त्याला टाळं ठोकलं. औषधवाला मात्र म्हणतो, बाग झाली तर वाईट काय झालं? मुंबईच्या पोराला झाड बघायला मिळेल. त्याला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून झोडपलं. मी पण. नंतर वाटलं, त्या पोरांच्या जागी आपण असतो तर?

माझी स्वतःची तक्रार वेगळीच होती, आणि ती मी वर्षानुवर्षं मांडत आलो. चांगला घोडा आता धावतच नाही. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, स्टडबुकात, वंशाच्या वहीत, नोंद हवी तर नर नि मादी प्रत्यक्ष जुळले पाहिजेत. त्यामुळे जिंकलेल्या नराला पैदाशीत जे पैसे मिळतात ते धावून मिळत नाहीत. अमेरिकेतला फ्लाइटलाइन सहा शर्यती धावला. म्हणजे एका वर्षात नव्हे हो, अख्ख्या आयुष्यात सहा. सहाच्या सहा जिंकला आणि २०२२ मध्ये, चार वर्षांचा असताना, पैदाशीसाठी स्टडवर गेला. त्याच्यातला अडीच टक्के वाटा लिलावात ४६ लाख डॉलरला गेला. तिकडचे शौकीन कळवळून बोलत होते. आत्ता कुठे नाव तोंडात बसतंय तोवर घोडा दिसेनासा. शिंगरंही उत्तर अमेरिकेत कमी झालीत, १९८६ मध्ये वर्षाला ५० हजारांवर जन्मायची, आता २० हजारांच्याही खाली. मी हे सगळं ग्रुपवर लिहायचो, मोठे मोठे परिच्छेद. घोड्याची ओळख पटायला वेळ द्या, तीन-चार वर्षं धावू द्या, शौकीन आपोआप येतील. आजही मला ते पटतं.

पण बाभळीखाली उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की मी त्या परिच्छेदांमध्ये नेहमी नरांबद्दल बोलत होतो. जिंकणाऱ्या नरांबद्दल.

तिला मी पोटरीपासून वर बघत गेलो. मामा म्हणायचा, पाय बघ, नाव नंतर. उजव्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी गरम होती. हात लावू का विचारलं तर मालकानं मानेनं हो म्हटलं. शिरेला फुगवटा होता, जुना, बोटाला दोरीतल्या गाठीसारखा लागणारा. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड ताशी साठ किलोमीटरनं धावतं आणि एका क्षणी सगळा भार माझ्या मनगटाएवढ्या त्या हाडावर येतो. हे वाचलेलं होतं. हाताला कळलं तेव्हा मी हात काढून घेतला. तेवढ्यात मागच्या पट्ट्यावर कोणीतरी पोरगा चाल सोडून घोडा भरधाव सोडत आला, लोक ओरडले, माती उडाली. घोडीचे कान ताठ झाले. गळ्याची शीर उडायला लागली आणि त्या थंडीत तिच्या मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला. ती दोराला ओढ देऊन पुढे झुकली, दोर ताणला, बाभळीची फांदी कुरकुरली. पोरगा निघून गेल्यावरही ती बराच वेळ तशीच उभी होती, त्या दिशेला बघत. मालकानं शांतपणे तिच्या मानेवर थाप मारली. "आसंच करस," म्हणाला. माणूस वाईट नव्हता. वैरण पुढ्यात होती, घमेल्यात भिजवलेले हरभरे होते, पाठीवर गोणपाट होतं. त्यानं तिला ज्या दलालाकडून घेतलं, त्याला तिचं मूळ नाव माहीत नव्हतं. त्याच्या आधीच्या माणसालाही नसावं.

मी फोन काढून तिच्या तोंडाचे फोटो घेतले. टिळा, आणि तो डोळ्याखालचा भोवरा. कारण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या बाजारात फारशी कोणाला माहीत नसावी. रेसच्या घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात घोड्याची छापील आकृती असते आणि अंगावरचे पांढरे डाग नि भोवरे तिच्यावर काढलेले असतात. प्रत्येक भोवऱ्याच्या जागी एक फुली. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते. म्हणजे इथे ज्या भोवऱ्यानं तिचं नशीब फुटलं होतं, तोच कुठल्यातरी कपाटातल्या कागदावर तिची ओळख म्हणून नुसती फुली होऊन बसला असणार. ना शुभ, ना अशुभ. त्या कागदावर तिच्या आईचं नाव असणार, बापाचं असणार, आणि बापाच्या बापाच्या बापाकडे जात राहिलं तर तीनशे वर्षांपूर्वीच्या तीन घोड्यांपैकी एकापाशी, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन नाहीतर गोडॉल्फिन अरेबियनपाशी, हात पोचणार. सारंगखेड्यात आलेल्या एकाही घोड्याची इतकी लांब वंशावळ लिहिलेली नव्हती.

रात्री घरी आलो, शेवभाजी खाल्ली, फोटो मोठे करून बघत बसलो. ग्रुपवर टाकले असते तर औषधवाल्याच्या ओळखीनं पुण्यात कोणीतरी शोधलं असतं. नाव कळलं असतं. मग मी त्या नावावरून तिच्या शर्यती काढल्या असत्या, आणि माझी खात्री होती की त्यातल्या एखाद्या शर्यतीत माझेही पैसे लागलेले निघाले असते. शंभर-दोनशे. कदाचित मी तिला शिव्याही दिल्या असतील. टीव्हीसमोर बसून आपण काय काय बोलतो ते आपल्यालाच ठाऊक. फोटो टाकला नाही. ग्रुपवर त्या रात्री रविवारच्या पाचव्या रेसचा फेव्हरेट कोण यावर वाद चालू होता. मी पण एक मत टाकलं.

जपानमध्ये हारू उरारा नावाची एक घोडी होती. तिकडच्या कोची नावाच्या शहरातल्या एका लहान मैदानावर ती ११३ शर्यती धावली आणि ११३ हरली. एकही जिंकली नाही. तरी लोक तिच्यावर पैसे लावायला लांबून यायचे आणि हरलेलं तिकीट खिशात ठेवायचे, कारण त्यांच्या भाषेत ‘न लागणं’ या शब्दाचा एक अर्थ गाडीची धडक न लागणं असाही होतो. अपघात टळतो म्हणे. मध्ये काही वर्षं ती कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. मग एका तबेल्यात सापडली, शौकिनांनी तिच्या खाण्यासाठी वर्गणी सुरू केली, पुढे परदेशातूनही लोकांनी तिच्यासाठी गवत पाठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ती म्हातारी होऊन गेली. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी खूप हसलो होतो. मामाचा पत्र्याचा डबा आठवला होता म्हणून. तो डबा आता माझ्याकडे आहे. एकदा उघडला तेव्हा आत तिकिटांबरोबर एक छोटी वही निघाली. मामानं हरलेल्या प्रत्येक घोड्याचं नाव त्यात लिहून ठेवलं होतं, तारखेसकट, वळणदार अक्षरात. पैसे किती गेले ते कुठेच नाही. पहिल्या पानावर मात्र त्याच्या जन्माच्याही आधीची एक नोंद: ‘प्रिन्सेस ब्युटिफुल, १९४३’. पहिली इंडियन डर्बी या घोडीनं जिंकली होती. हरलेल्यांच्या यादीत ती कशी, ते आता विचारायला मामा नाही.

माझा नंबर मालकानं मागून घेतला होता, कोणी घेणारा भेटला तर सांगा म्हणून. मी दोघा-तिघांना विचारलंही. एक जण म्हणाला, शाळेच्या पोरांना घोडेस्वारी शिकवायला चालेल का? मी म्हटलं, तिच्या पायाची शीर दुखावलेली आहे. तो म्हणाला, मग राहू द्या. खरं बोललो नसतो तर बरं झालं असतं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचाच फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"आप्पा, घोडी गई."

"कुठे?"

"लगीनवाला लई गया. धुयानाकडना शे."

मी भोवऱ्याचं विचारलं. त्याला ते दिसलं नाही का?

"दखं ना त्यानी," तो हसत म्हणाला. "बठ्ठं दखं. मंग त्यानी त्यावर गोंडा बांधी दिना. लाल."